संख्या, आघाडी आणि प्रतिनिधित्व : सोनेनशाइन यांच्या ग्रंथाचे पुनर्वाचन

राफाएल सोनेनशाइन यांचा ‘पॉलिटिक्स इन ब्लॅक अँड व्हाइट’ हा लॉस एंजेलिसच्या राजकारणावरील ग्रंथ १९९३ मध्ये प्रकाशित झाला. संख्येने अल्प असलेल्या समाजाला नगरसत्तेत वाटा कसा मिळतो, हा त्याचा मूळ प्रश्न आहे. १९६९ मध्ये पराभूत झालेले टॉम ब्रॅडली १९७३ मध्ये महापौर झाले आणि २० वर्षे त्या पदावर राहिले. त्या वेळी शहरात कृष्णवर्णीयांचे प्रमाण एकपंचमांशाहून कमी होते. लेखकाच्या मते, हे यश कृष्णवर्णीय आणि उदारमतवादी गोरे, विशेषतः ज्यू, यांच्या आघाडीचे होय. समान विचार, जुळणारे हितसंबंध आणि परस्परांवर विश्वास ठेवणारे नेतृत्व या तिन्हींवर आघाडी उभी राहते, ही त्यांची मांडणी पटण्याजोगी आहे.

परंतु आघाडीत कोण आले, याइतकेच बाहेर कोण राहिले हेही तपासले पाहिजे. १५ सदस्यांच्या नगर परिषदेत १९६२ पासून १९८५ पर्यंत एकही लॅटिनो सदस्य नव्हता. यांतील १२ वर्षे ब्रॅडली यांच्याच कारकिर्दीतील आहेत. केंद्र सरकारने न्यायालयात दावा लावल्यावर १९८६ मध्ये प्रभागांची फेररचना झाली. १९९० मध्ये लॅटिनो सुमारे ४० टक्के होते. पण त्यांतील अनेकांना नागरिकत्व नसल्याने मताधिकार नव्हता. १९९२ च्या दंगलीत कोरियन दुकानदारांचे अतोनात नुकसान झाले. त्यांची ‘कोरियाटाउन’ वस्ती अनेक प्रभागांत विभागलेली होती. ती २०२१ च्या फेररचनेत एका प्रभागात आली. या समाजांचा विचार ग्रंथात येतो, पण मुख्य मांडणीच्या कडेलाच राहतो. शीर्षकही तेच सुचविते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये परिषदेच्या अध्यक्ष नूरी मार्टिनेझ व अन्य लॅटिनो नेत्यांचे प्रभागरचनेविषयीचे संभाषण उघड झाले. त्यातील वर्णद्वेषी उद्गारांमुळे मार्टिनेझ यांना राजीनामा द्यावा लागला. पूर्वी वगळला गेलेला समाज सत्तेत आला म्हणजे वगळण्याची वृत्ती संपते असे नाही, हे यातून दिसते. पुढच्याच महिन्यात कॅरेन बास महापौरपदी निवडून आल्या. तेव्हा कृष्णवर्णीय १० टक्क्यांहून कमी होते. म्हणजे सोनेनशाइन यांचे मूळ प्रतिपादन आजही टिकते.

राज्यशास्त्राच्या शिक्षकांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा. मात्र वर्गात तो शिकविताना शहराचा प्रभाग-नकाशा आणि मतदारांची यादी शेजारी ठेवावी. प्रतिनिधित्वाचा निम्मा निकाल मतदानापूर्वी तेथेच लागलेला असतो.