‘राजी’ : कष्टांचे माप आणि कलेचे माप

कलावंताने निर्मितीच्या काळात सोसलेल्या हालअपेष्टा टीकाकाराने किती विचारात घ्याव्यात, हा वाद साहित्यात जुनाच आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा संस्थेने घडविलेल्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या व्हिडिओ गेमने तो एका नव्या क्षेत्रात उभा केला आहे. हा पोरखेळ म्हणून वडीलधाऱ्यांनी त्याकडे पाठ फिरवू नये. पहाडगंजातल्या नूतन मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाला महिषासुराची कथा कीर्तनातून कळण्याचा संभव आता थोडा. ती कळलीच तर अशा पडद्यावरून कळेल.

या खेळाच्या निर्मितीची वाट बिकट होती. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी २०१७ साली ‘किकस्टार्टर’वर लोकवर्गणीचे आवाहन केले. ठरलेली रक्कम पुरी न जमल्यास तेथे एक पैसाही हाती पडत नाही. आणि झाले तसेच. पुढे स्वतःची पुंजी लावून, प्रकाशक मिळेपर्यंत, मंडळींनी काम रेटले. अखेर १८ ऑगस्ट २०२० रोजी ‘राजी’ प्रथम निन्टेंडो स्विचवर अवतरली. म्हणजे भारतीय पुराणांवरची ही कृती आधी अशा यंत्रावर आली, की जे ती कंपनी त्या वेळी भारतात अधिकृतपणे विकतही नव्हती! इतर यंत्रांवर ती त्याच वर्षी ऑक्टोबरात आली, आणि वर्षअखेरीस ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये उत्कृष्ट पदार्पणाच्या नामांकनात तिचे नाव झळकले.

आता कृतीकडे वळू. कसरतींवर पोट भरणारी राजी असुरांनी पळविलेल्या आपल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघते. खांबाला झोके घेणे, भिंतीवरून धावणे, कड्याला लोंबकळणे या तिच्या हालचाली नुसत्या करमणुकीसाठी जोडलेल्या नाहीत. जत्रेत शिकलेले कसब तिला संकटात उपयोगी पडते. म्हणजेच तिच्या देहाची चपळाई हेच तिचे चरित्र आहे. कथानक आणि क्रीडा यांचा असा एकजीव दुर्मिळच. राजस्थानी गडकोटांची आठवण देणारे बुरूज, पहाडी चित्रशैलीची रंगसंगती आणि कथाप्रसंगांतील छायाबाहुल्या यांनी उभे केलेले विश्व उसने वाटत नाही. फिरती वर्तुळे जुळवून भावंडांच्या आठवणींचे चित्र पुरे करण्याची कोडी तर या खेळातील सर्वांत हळुवार जागा आहेत. शब्द नसतानाही तेथे भावबंध कळतो.

उणिवाही तितक्याच स्पष्ट आहेत. दुर्गा आणि विष्णू यांचे निवेदन, डोळ्यांना दिसलेलेच पुन्हा कानांना सांगत राहते. ज्या कर्त्यांना चित्रातून बोलता येते त्यांनी चित्रावर इतका अविश्वास का दाखवावा? लढाया पुढेपुढे एकसुरी होतात. सर्वांत मोठा दोष शेवटाचा. वाळवंटात पोहोचल्यावर कथा विस्तारण्याऐवजी आटोपते, आणि महाबलासुराशी झालेल्या झुंजीनंतर, वाचता वाचता पुस्तकाची शेवटची पाने गहाळ निघावीत, तशी रसिकाची अवस्था होते.

येथे मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो. पैसा अपुरा होता, हे या तुटक शेवटाचे कारण असू शकेल. ते त्याचे समर्थन होऊ शकत नाही. कष्टांची कहाणी ऐकून दोष झाकणे म्हणजे कर्त्यांवर दया करणे होय, आणि दयेने कला वाढत नाही. पूर्वार्धात ज्यांनी एवढी उंची गाठली, त्यांच्याकडून उत्तरार्धाचीही तीच अपेक्षा धरणे हाच त्यांचा खरा सन्मान.

एक गोष्ट मात्र कर्त्यांपेक्षा आपल्यावरच अधिक बोट ठेवते. पुण्यात घडलेल्या या खेळातील देवता प्रथम इंग्रजीत बोलल्या. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत त्यांना हिंदी वाणी लाभली. परमुलखात मराठी शाळा आणि मराठी नियतकालिके जपणाऱ्या आपल्यासारख्यांना हे खटकावे. पण नुसते खटकून भागणार नाही. ज्या कलेला जाणते रसिक मराठीत गंभीर चर्चेच्या योग्यतेची मानत नाहीत, तिने मराठी बोलावे तरी कोणासाठी?