स्त्रीपार्ट, स्त्रीभूमिका आणि कमलाबाई गोखले

जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचे नाव आहे. नारायणराव राजहंस यांच्या बालपणाचा काही काळ जळगावात गेला, गाण्याचे पहिले पाठ त्यांनी तेथेच मेहबूबखाँ यांच्याकडे घेतले. तेव्हा हे नामकरण सर्वथा उचितच होय. परंतु खानदेशच्या नाट्यस्मृतीत स्त्रीभूमिकेशी जे नाव कायमचे जोडले गेले ते पुरुषाचे आहे, ही गोष्ट अभ्यासकाने सहज ओलांडून जाण्याजोगी नाही. मराठी रंगभूमीवरील स्त्री ही दीर्घकाळ पुरुषाने घडविलेली स्त्री होती. कमलाबाई गोखले यांच्या कारकीर्दीचे मूल्यमापन करताना आद्य चित्रनायिका हे बिरुद पुढे केले जाते. त्यापेक्षा या घडविलेल्या स्त्रीशी त्यांच्या कामाचा संबंध कोणता, हा प्रश्न अधिक फलदायी आहे.

या घडणीत भाषेचा वाटा मोठा होता. प्रमाण मराठीत वर्तमानकाळी बोलणाऱ्याचे लिंग प्रथमपुरुषी क्रियापदातही उमटते : पुरुष 'मी जातो' म्हणतो, स्त्री 'मी जाते' म्हणते. म्हणजे लुगडे नेसलेला नट तोंड उघडताच व्याकरण त्याच्या साहाय्याला धावून येई. धुळे-जळगावकडील अहिराणीत ही सोय नाही. तेथे 'मी जास' हे रूप स्त्रीपुरुष दोघांनाही सारखेच चालते. घरी अहिराणी बोलणाऱ्या प्रेक्षकाच्या कानाला नाटकातील 'जाते' हे रूप पात्राच्या वेषासारखेच, रंगभूमीच्या सामग्रीपैकी एक वाटले असल्यास नवल नाही. 'स्त्रीपार्ट' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. अर्धा संस्कृत व अर्धा इंग्रजी असा हा समास बाईचे काम करणाऱ्या पुरुषासाठीच रूढ झाला. स्त्रीने स्त्रीची भूमिका केली तर तिला कोणी स्त्रीपार्टी म्हणत नसे.

मूकपटाने ही सामग्री काढून घेतली. संवाद नाहीत, पदे नाहीत; उरतात चेहरा आणि देह. तरीही 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या पहिल्या चित्रपटात दादासाहेब फाळके यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही आणि एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांच्याकडे ती भूमिका गेली. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर' मध्ये मात्र दोन स्त्रिया पडद्यावर आल्या. पतीपासून विभक्त झाल्यावर चरितार्थासाठी रंगभूमीकडे वळलेल्या दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची अवघ्या बारा-तेरा वर्षांची कन्या कमला मोहिनी झाली. मोहिनी म्हणजे स्त्रीरूप धारण केलेला विष्णू. पडद्यावरील पहिल्या स्त्रियांपैकी एकीच्या वाट्याला आलेली भूमिका ही मुळात एका पुरुषदेवतेचा स्त्रीवेष होती! फाळके यांनी हे हेतुपुरस्सर योजले, असे सुचविण्याचे कारण नाही. पौराणिक कथाभांडारात हात घातला की असे योग घडतात. तथापि स्त्रीपार्टाच्या परंपरेतून स्त्रीच्या हाती काय आले, याचे याहून नेमके चित्र मिळणे कठीण.

येथे एक सोपा सिद्धान्त मांडण्याचा मोह होतो, तो असा की, कॅमेऱ्यापुढे पुरुषाची स्त्री टिकू शकत नव्हती, म्हणून अभिनेत्री आली. वस्तुस्थिती याला अनुकूल नाही. 'मोहिनी भस्मासुर' नंतर चार वर्षांनी, १९१७ मध्ये, फाळके यांच्याच 'लंकादहन' मध्ये साळुंके राम आणि सीता या दोन्ही भूमिकांत दिसले, आणि प्रेक्षकांनी चित्रपट उचलून धरला. उलट १९३७ च्या 'साध्वी मीराबाई' मध्ये प्रत्यक्ष बालगंधर्व मीरा झाले. बोलपट असल्याने शब्द, स्वर, व्याकरण सारेच आता त्यांच्या हाती होते, तरी त्यांची ती मीरा पडद्यावर मान्यता पावली नाही. साधने कमी असताना साळुंके यांची सीता चालली आणि विपुल असताना बालगंधर्वांची मीरा चालली नाही, याचा अर्थ बदल यंत्रात नव्हता. तो मधल्या वीस वर्षांत प्रेक्षकाच्या सवयीत झालेला होता.

ही सवय कोणी बदलली? १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' मधील दुर्गा खोटे यांची तारामती आणि १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरने रंगभूमीवर आणलेले 'आंधळ्यांची शाळा' यांची नावे सर्वपरिचित आहेत. पण शिक्षित घरांतील या स्त्रियांच्या पदार्पणाला जी प्रतिष्ठा लाभली, तिच्या आधीचे कष्ट फिरत्या नाटक मंडळ्यांतील स्त्रियांनी उपसले होते. कमलाबाईंचे मोठेपण येथे आहे. 'मोहिनी भस्मासुर' नंतर त्यांची खरी कर्मभूमी रंगभूमीच राहिली. चित्ताकर्षक नाटक मंडळीत त्यांनी कामे केली. नट रघुनाथराव गोखले यांच्याशी विवाह झाला. ऐन तारुण्यात वैधव्य आले आणि तीन मुलांचा भार पडला, तरी तोंडाला रंग लावणे थांबले नाही. पुढे बोलपटांचे युग आल्यावर त्या पडद्यावरही वारंवार दिसू लागल्या, आणि 'गहराई' (१९८०) पर्यंत सुमारे पस्तीस चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या. चंद्रकांत गोखले हे त्यांचे पुत्र व विक्रम गोखले हे नातू. घराण्याच्या या ख्यातीत आजीचे स्वतंत्र काम काहीसे झाकोळले, हेही म्हटले पाहिजे.

चित्रपटेतिहासाने त्यांचे १९१३ हे वर्ष जपले आणि रंगभूमीवरील वर्षे मोघम सोडून दिली. वास्तविक समीक्षेला हवी आहे ती हीच वर्षे. घरी आईचा कित्ता असला तरी भोवतालच्या रंगभूमीवर स्त्रीचे बोलणे, लाजणे, रुसणे पुरुषांनीच बेतलेले होते. ते कमलाबाईंनी किती उचलले आणि किती मोडले? रीना मोहन यांच्या 'कमलाबाई' (१९९२) या माहितीपटात वृद्ध कमलाबाई जुन्या नाटकांतील भाषणे व पदे म्हणून दाखवितात. आवाज थकलेला आहे, पण शब्दफेक शाबूत आहे. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवून ही भाषणे ऐकावीत. आघात कोठे येतात, वाक्याच्या शेवटी स्वर कोठे चढतो आणि 'जाते', 'येते' या रूपांवर कोण थांबतो आणि कोण न थांबता पुढे जातो, हे तेथे कानांनी तपासता येते.