निबंधातली एक ओळ

गेल्या हिवाळ्यात अमरावतीच्या एका निबंध स्पर्धेचे परीक्षण माझ्याकडे आले. विषय होता ‘विषमता आणि शासनाची जबाबदारी’. सदतीस निबंध होते. त्यांतले तीसेक गाइडातून उतरवलेले, त्यामुळे त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. एक निबंध मात्र मी तीनदा वाचला. लिहिणारा मुलगा अकोला जिल्ह्यातला, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा, गावातल्या बौद्ध वस्तीतून आलेला. त्याचे नाव मी देत नाही. मात्र त्याच्या निबंधावर लिहिणार आहे हे मी त्याला सांगितले आहे, आणि त्याने हो म्हटले आहे. परीक्षकाने गुण द्यावेत आणि गठ्ठा बांधून परत पाठवावा, ही रीत. ती मोडण्याचे कारण या निबंधातली एक ओळ आहे.

प्रथम त्याचे बळ सांगितले पाहिजे. या मुलाने विषमतेची व्याख्या पुस्तकातून घेतलेली नाही, खाणावळीच्या हिशेबातून घेतली आहे. शिष्यवृत्ती परीक्षा आटोपल्यावर येते आणि मेसवाला मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला उभा राहतो, या दोन तारखांमधले अंतर म्हणजे विषमता, असे तो लिहितो. आई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचते, तो किलोमागे किती मिळतात, आणि तेवढ्यात शहरातल्या शिकवणी वर्गाचे किती दिवस भरतात, हेही त्याने मांडले आहे. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी हसू नये, हे अर्थशास्त्रच आहे.

शासनाविषयी त्याचे मत ठाम आहे. शासनाने शिक्षणातून अंग काढून घेणे म्हणजे गरिबाच्या मुलाला वेशीबाहेर काढणे, असे तो मानतो. येथे त्याला थोडा इतिहास ठाऊक असता तर त्याचे म्हणणे अधिक भक्कम झाले असते. मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी अस्पृश्य विद्यार्थ्यांना सरकारी शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. १९५६ च्या धर्मांतरानंतर केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना जागा राहिली नाही, ती १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन मिळाली. चौतीस वर्षे! याच मुलाच्या आजोबांची आणि वडिलांची ती वर्षे. शासन देते तेव्हाही ते आधी आपल्या वहीत नाव शोधते, हे या चौतीस वर्षांनी आपल्याला शिकवले आहे. पण वहीचा हा प्रश्न निबंधात येत नाही, आणि पुढची चूक याच उणिवेतून जन्मते.

निबंधाचा मधला भाग अमेरिकेवर आहे. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर पोलिसाने गुडघा रोवून त्याचा जीव घेतला, ती घटना मुलाने मोबाइलवर पाहिली आणि तो झोपू शकला नाही. काळ्या माणसाला पाहताच गोऱ्या पोलिसाच्या डोक्यात ‘गुन्हेगार’ हा शब्द आधी येतो आणि माणूस नंतर, असे तो लिहितो. हे वाक्य मी तांबड्या पेन्सिलीने नव्हे, निळ्या पेन्सिलीने अधोरेखित केले. दलित चळवळीला हा धागा नवा नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे निग्रोंनी दिलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. १९७२ साली मुंबईत जन्मलेल्या दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. काळ्या माणसाचे दुःख आपल्याला लवकर कळते. ते दूरचे आहे, म्हणून कदाचित अधिकच लवकर कळते.

आणि मग, या परिच्छेदानंतर अवघ्या आठ ओळींनी, मुलगा लिहितो की शासनाने सवलती देताना कष्ट करणारे आणि ‘फासेपारध्यांसारख्या जन्मजात गुन्हेगार जमाती’ यांत फरक केला पाहिजे.

मी थांबलो. मिनियापोलिसचा पोलीस ज्या शब्दासाठी त्याने पिंजऱ्यात उभा केला, तोच शब्द त्याने स्वतःच्या गावाच्या शिवेवर राहणाऱ्या माणसावर टाकला. आणि त्याला जाणवलेही नाही.

या शब्दाची वंशावळ काढू. एखादी जमातच्या जमात गुन्हेगार असते, हे आधी कायद्याने लिहिले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानात आला, १९११ साली तो देशभर लावण्याची तरतूद झाली आणि १९२४ साली त्याचे एकत्रीकरण झाले. सरकारने जमात जाहीर करायची, नावे रजिस्टरात घ्यायची, हजेरी लावायची, गाव सोडायचे तर पास मागायचा. ही घोषणा खरी की खोटी, हे विचारण्याचा अधिकार मूळ कायद्याने न्यायालयालाही दिला नव्हता. निरनिराळ्या प्रांतांत पारध्यांसह कितीतरी जमातींवर हा शिक्का बसला. १९५२ च्या ३१ ऑगस्टला कायदा रद्द झाला. पण सराईत गुन्हेगारांविषयीचे नवे कायदे राज्याराज्यांत आले, मुंबई राज्याचा १९५९ साली आला. जमातीचे नाव कागदावरून गेले, फौजदाराच्या डोक्यात राहिले.

कायद्याच्या जोडीला विद्वत्ता होती. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली लंडनमध्ये छापला गेला. वऱ्हाडही त्यात येते. चौथ्या खंडात पारधी आहेत: फास लावणारे, चित्ता बाळगणारे, जात्याला टाकी लावणारे टाकणकार, असे त्यांचे पोटभेद. आता मुलाने हे नीट ऐकावे. त्याच चौथ्या खंडात, आधीच्या पानांत, महार आहेत. ज्या कपाटात पारध्याला ‘चोर’ अशी चिठ्ठी लावून ठेवले, त्याच कपाटात आपल्या आजोबांना ‘अपवित्र’ अशी चिठ्ठी लावून ठेवले होते. आपण आपली चिठ्ठी फाडली, हे खरे. कपाट मात्र जागच्या जागी राहू दिले.

आणि त्याच १९१६ च्या ९ मे रोजी, कोलंबिया विद्यापीठाच्या चर्चासत्रात, एक पंचविशीतला विद्यार्थी जातीवर निबंध वाचत होता. जातीचे मूळ त्याने रक्तात किंवा वर्णात शोधले नाही, जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या नियमात शोधले. पुढे १९३६ साली बाबासाहेबांनी स्पष्टच मांडले की जात म्हणजे वंश नव्हे. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार वंशाने एकच. जन्मजात गुन्हेगार मानल्या गेलेल्या जमातींचा विषयही त्यांनी तिथेच काढला, आणि दोष त्या जमातींना न देता, त्यांना माणसांत न आणणाऱ्या हिंदू समाजाला दिला. ‘जन्मजात’ हा शब्द लिहिताना विद्यार्थ्याने हा दुसरा विद्यार्थी आठवायला हवा होता.

येथपर्यंत मी परीक्षक म्हणून लिहिले. पुढचे लिहिणे कठीण आहे.

माझे गाव बाळापूर तालुक्यातले. वडील कोतवाल होते. गावाबाहेर आमची वस्ती, आणि आमच्या वस्तीच्याही बाहेर, नाल्यापलीकडे, पारध्यांचा बेडा. १९७४ च्या सुगीत कोणाच्या तरी खळ्यातून ज्वारीची पोती गेली. शिपाई आले, त्यांनी वडिलांना पुढे घातले. रात्र होती, कंदील माझ्या हातात होता. मी सातवीत होतो. पाले उस्कटली गेली, दोन माणसांना बांधून नेले. ज्वारी त्या पालांत सापडली नाही. पुढे ती कुठे सापडली हे गावाला कळले, आणि गाव गप्प बसले. घरी येताना मी बापाला विचारले, ‘यायलेच काहून धरलं?’ बाप म्हणाला, ‘पारधीच त हायेत ते.’ ज्या माणसाला गावच्या हॉटेलात वेगळ्या कपात चहा मिळत होता, त्याचे हे उत्तर होते. मला ते पटले, हे अधिक वाईट. अनेक वर्षे पटलेलेच होते.

कायदा रद्द होऊन तेव्हा बावीस वर्षे झाली होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तितर, लावे, ससे धरणे हा त्यांचा धंदाच गुन्हा ठरवला होता. जंगल राखायला नको असे मी म्हणत नाही. परंतु ज्याचे पोट त्या फाशावर होते त्याला दुसरे काय दिले, हे विचारणारे तेव्हा किती होते?

म्हणूनच मुलाचे शासनाविषयीचे मत मला अर्धे वाटते. त्याला शासन म्हणजे शिष्यवृत्ती. बेड्यावरच्या माणसाला शासन म्हणजे रात्रीचा कंदील. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी फासेपारध्यांच्या मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ ही शाळा उभी केली, ते स्वतः त्याच समाजातले. २०१९ साली समृद्धी महामार्गासाठी त्या शाळेचे काही बांधकाम पाडले गेले. शाळा माणसाने काढावी आणि रस्ता सरकारने न्यावा, हा कोणता न्याय? यावरून कोणी सरकार नकोच असा अर्थ काढील तर तोही मला मान्य नाही. १९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाची परिषद भरली, ती कोणाच्या दयेची वाट पाहायला नव्हे, हक्क मागायला. हक्क मागायचा तर तो कोणाकडे तरी मागावाच लागतो. पण मागताना आपल्या मागच्याला रांगेतून ढकलायचे नसते.

आपल्या साहित्याचेही काही सांगितले पाहिजे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपण त्यांना डोक्यावर घेतले, अभ्यासक्रमात लावले, परिसंवाद झाले. तरीही तो मुलगा, ज्याच्या महाविद्यालयात हे शिकवले जाते, ‘जन्मजात’ लिहून जातो. याचा दोष त्याच्या एकट्याचा नाही. आम्ही शिकवणाऱ्यांनी त्या पुस्तकांना ‘वेदना’ आणि ‘विद्रोह’ असे दोन शब्द लावून परीक्षेचे प्रश्न काढले. वाचणाऱ्याच्या स्वतःच्या हातात कंदील होता काय, हा प्रश्न आम्ही काढला नाही.

मुलगा घरी आला होता. ‘सर, बाकीचं समदं आवडलं म्हन्ता, मंग मार्क कायले कापले?’ मी ती ओळ दाखवली. तो म्हणाला, ‘पन गावात समदेच असं म्हन्तात.’ मी म्हटले, ‘आपल्याबद्दलही समदेच म्हणत होते, बाळा.’ मग त्याला ती १९७४ ची रात्र सांगितली. तो बराच वेळ चहा फिरवत बसला.

महिन्याने त्याने तो परिच्छेद नव्याने लिहून आणला. आता त्यात पारधी निसर्गाची लेकरे झाले होते, भोळे, निष्पाप, खोटे न जाणणारे. मी विचारले, ‘बेड्यावर गेला होतास?’ ‘नाई सर.’ रसेलसाहेबाची चिठ्ठी काढून त्याने दुसरी लावली होती, जरा बऱ्या अक्षरातली. तो कागद मी त्याला परत दिला. परीक्षेनंतर जातो म्हणाला आहे.