पिशवी काढली, खाडा राहिला

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांवर २०१९ पासून पुष्कळ लिहिले गेले. मी डॉक्टर नाही, विद्यापीठातला संशोधकही नाही. पण हा मजकूर जमवून वाचत आलो आहे. वाचता वाचता एक आक्षेप पक्का होत गेला : आजाराचे कारण आपण दवाखान्यात शोधले, ते बरेचसे मुकादमाच्या वहीत होते.

आधी आकडा. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरात जवळपास १७. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत हे प्रमाण ३.२ टक्के होते. तुलना ढोबळ असली तरी तफावत दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

यावर दोन स्पष्टीकरणे पुन्हा पुन्हा दिली गेली : खासगी डॉक्टरांचा लोभ आणि बायकांचे अज्ञान. पहिल्यात तथ्य आहे. कर्करोगाची भीती घातल्याच्या तक्रारी अनेकींनी केल्या. पण भीती कुठेही घालता येते. ती इथेच एवढी का लागू पडली?

दुसरे स्पष्टीकरण मला मान्य नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती तोडीतून फेडायची. काम चुकले की खाडा, त्याची रक्कम अंगावर. पहाटेपासून तोडणी, डोक्यावर मोळ्या, राहायला फडाजवळ कोपी. तिथे संडास नाही, पुरेसे पाणी नाही. अशा ठिकाणी पाळी, अंगावरून जाणे, ओटीपोटातले दुखणे म्हणजे बुडालेला रोज. मग पिशवी काढणे हा अडाणीपणा उरत नाही. तो घातलेला हिशोब असतो. शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उचल घेतली जाते, हा त्यातला क्रूर भाग. बीजकोशही काढले असतील तर हाडे लवकर झिजू लागतात. आज वाचवलेला खाडा पुढे शरीर फेडते.

गडचिरोलीतील दोन गावांत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, पूर्वी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. म्हणजे दुखणे खरे असते आणि सर्वदूर असते. गडचिरोलीत ते अंगावर काढले गेले, बीडमध्ये शस्त्रक्रियेपर्यंत गेले. हा फरक शरीराचा नाही. तो रोजगाराच्या अटींचा आणि हाताशी असलेल्या दवाखान्याचा आहे.

बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय अशी शस्त्रक्रिया करू नये, असा आदेश निघाला. तो हवाच होता. पण त्याने बंद झाले ते शेवटचे दार. रक्तस्राव होणाऱ्या बाईला एक दिवस पडून राहण्याची मुभा त्या आदेशाने मिळत नाही.

हा अंक हाती पडेल तेव्हा टोळ्या निघू लागलेल्या असतील. पुढच्या अहवालाने पिशव्या जरूर मोजाव्यात. पण सोबत एका हंगामात तिचे किती खाडे धरले, किती रक्कम कापली, उचल कुणाच्या नावावर होती आणि कोपीपासून पाणी किती लांब होते, हेही मोजावे. हे रकाने नसतील, तर तो अहवाल आजारी बाईबद्दल असेल, आजाराबद्दल नसेल.