‘स्मृतिचित्रे’तील श्रद्धा आणि संसार

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी बोलताना आपण मराठीचे अध्यापक बहुधा दोन गोष्टी सांगून थांबतो. एक, त्यांच्या भाषेचा घरगुती साधेपणा. आणि दुसरी, त्यांची विनोदबुद्धी. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. परंतु त्या सांगून झाल्यावर या ग्रंथाचे सारे मर्म हाती आले, असा जो आपला समज होतो तो मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. क्रमिक पुस्तकांसाठी उतारे निवडताना विक्षिप्त पती आणि त्रासलेली पत्नी हीच जोडी सोयीची ठरते. मुले हसतात, तास आनंदात संपतो, आणि एका ख्रिस्ती स्त्रीचे आत्मचरित्र तिचे ख्रिस्तीपण वजा करून वाचले जाते. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे ते तसेच शिकविले, हे येथे कबूल केलेले बरे.

मराठीतील ख्रिस्ती गद्याला या ग्रंथापूर्वी मोठी परंपरा होती. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ 1857 सालचे. त्यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र तर धर्मांतराच्या शोधाचीच कथा आहे. निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ, नारायण शेषाद्रींनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली, तिची आठवण हैदराबादच्या वाचकांना करून द्यावयास नकोच. पण त्या पिढीच्या लेखनात लक्ष खिळते ते बाप्तिस्म्याच्या क्षणापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर. वाद, शंका, आप्तांचा विरोध, आणि अखेर निर्णय! निर्णयानंतर मीठमिरचीचे काय झाले, हे त्या वाङ्मयाला विचारावेसे वाटत नाही. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी 1900 साली. ‘स्मृतिचित्रे’त या दोन्ही घटना आहेत, पण त्यांतील एकही ग्रंथाचा शेवट नाही. प्रार्थना करून उठल्यावरही चूल पेटवावीच लागते, आणि बाईंची कथा त्या चुलीपाशी चालू राहते.

या दृष्टीने आरंभीची सोवळ्याची प्रकरणे पुन्हा वाचून पाहावीत. 1857 च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या आघातानंतर बाईंच्या वडिलांच्या सोवळ्याला मर्यादाच उरली नाही, आणि घरात येणारा जिन्नसन्‌जिन्नस धुऊन घेण्यात घरच्या बायकांचा जन्म जाऊ लागला. वाचक येथे हसतो. पण याच घरातली मुलगी पुढे ख्रिस्ती झालेल्या पतीजवळ राहावयास जाते, तीही आपले सोवळे सांभाळून. आणि एके काळी जातिभेद हा देवाने केलेला नव्हे अशी तिची खात्री पटते, तेव्हा तिचे पहिले धर्माचरण काय असते? कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेणे. बाप्तिस्मा नंतरचा. शास्त्रार्थाने ही स्त्री ख्रिस्ताकडे आली नाही. ती आली पाण्याच्या भांड्यापाशी, जेथे तिच्या माहेरचा सारा धर्म साठला होता.

टिळकांची गोष्ट निराळी. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे त्यांचे सांगणे प्रसिद्ध आहे, आणि त्यांच्या अभंगरचनेवर तुकोबांची छाया स्पष्ट आहे. पण हे साम्य काव्यापुरते थांबत नाही, इकडे टीकाकारांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. टिळक तुकाराम, तर लक्ष्मीबाई कोण? अर्थात आवली! पैसा हाती टिकू न देणारा, मनात येईल तेव्हा घराबाहेर पडणारा, मागेल त्याला देऊन टाकणारा भक्त पती. आणि त्याने दिलेल्या प्रत्येक दानाची किंमत चुकविणारी घरातली बाई. तुकोबांच्या आवलीविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते चरित्रकारांनी आणि कीर्तनकारांनी सांगितलेले. तिला त्यांनी कजाग ठरविले, कारण भक्ताचे मोठेपण उठून दिसावयास काही तरी पार्श्वभूमी लागते. मराठीत आवलीने स्वतः लेखणी हाती घेतली ती प्रथम ‘स्मृतिचित्रे’त. आणि तिने पतीला खाली ओढले नाही, स्वतःलाही साध्वी करून घेतले नाही, हे आश्चर्य आहे.

1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ मांडला. संन्याशाच्या बायकोने काय करावे, याचे उत्तर ना ख्रिस्ती शास्त्रात सापडे ना हिंदू शास्त्रात. लक्ष्मीबाई ते उत्तर तत्त्वाने देत नाहीत. घरात आलेली परकी मुले वाढविणे, बालकवींसारख्या पाहुण्याचे लाड आणि लहरी सोसणे, प्लेगच्या दिवसांत रुग्णांची शुश्रूषा करणे, आणि या सर्वांत पतीशी भांडणे! हे भांडण त्या लपवीत नाहीत. भक्तिपर चरित्रात असा प्रसंग आला की लेखक पश्चात्तापाचे एक वाक्य जोडून मोकळा होतो. लक्ष्मीबाई संताप संतापच ठेवतात आणि पुढच्या प्रसंगाकडे वळतात. क्षमा झाली हे आपल्याला कळते ते इतक्यावरूनच, की दुसऱ्या दिवशीच्या हकिकतीत दोघे पुन्हा बोलत असतात. त्यांचा विनोद हा याच क्षमेचा प्रकार होय. तो टिळकांच्या विक्षिप्तपणावर जितका चालतो तितकाच स्वतःच्या अज्ञानावर आणि हट्टावर. ज्याला स्वतःला वगळून हसावयाचे आहे त्याला हे पुस्तक लिहिता आले नसते. टिळक 1919 साली वारले. बाईंनी लिहिले ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. या अंतरामुळे राग निवळला, हे खरे. पण तो पुसला गेला नाही.

ग्रंथाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अहमदनगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज मुख्यतः महार-मांग समाजांतून आलेला. लक्ष्मीबाई त्यांच्यांत राहिल्या, जेवल्या, त्यांच्या मुलांचे केले. तरीही कथेचा मध्य टिळकांचे घर सोडून फारसा हलत नाही. त्या घरांतील दैन्य आणि तेथील श्रद्धा कशी होती, हे जाणून घ्यावयास दुसरीकडे जावे लागते. शिवाय कराचीच्या दिवसांचा भाग पूर्वीइतका भरीव उतरलेला नाही. ज्या पतीशी झगडत ही श्रद्धा घडली तो तेथे नाही, हे त्याचे एक कारण असावे.

जोसेफिन इंकस्टर यांचे इंग्रजी भाषांतर 1950 साली निघाले, शांता गोखले यांचे 2017 साली. परभाषेतील वाचकाला हा ग्रंथ प्रथमपासूनच एका ख्रिस्ती स्त्रीची जीवनकथा म्हणून भेटतो. आपण मात्र तिच्या विनोदाचे उतारे करीत बसलो. यापुढे निदान एक प्रकरण तरी वर्गात सबंध वाचावे, आणि हशा ओसरल्यावर मुलांना विचारावे, की घरात काही शिल्लक नसताना ही बाई कोणावर विसंबून होती?

‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या याच हाताने टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे केले. टिळकांनी आरंभीचे काही अध्याय लिहून ठेवले होते. उरलेला फार मोठा भाग बाईंचा आहे. जिचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेलेच नव्हते तिने ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र रचले. त्यातील काव्यगुणांची चिकित्सा अद्याप व्हावी तशी झालेली नाही. ती करताना ‘स्मृतिचित्रे’ हाताशी ठेवावीत.