ब्रह्मपुरी : नांव व वस्ती

करवीरांत पंचगंगेच्या कांठच्या ब्रह्मपुरी टेकडीचें खोदकाम डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनीं १९४५-४६ सालीं केलें. त्याचा वृत्तांत डेक्कन कॉलेजानें १९५२ सालीं छापिला. सातवाहनकालीन विटांचीं घरें थराथरानें उकलून दाखविणारा हा ग्रंथ आम्हांस प्रमाण वाटतो. आमचा आक्षेप आहे तो त्याच्या आधारें त्या प्राचीन नगरासच ब्रह्मपुरी म्हणणाऱ्यांवर. स्थळाची खूण म्हणून हें नांव चालेल. नगराचें नाम म्हणून नव्हे. ताम्रपटांत ब्रह्मपुरी हें सामान्यनाम असून, दात्यानें घरें देऊन वसविलेली ब्राह्मणांची वस्ती असा त्याचा अर्थ होतो. म्हणूनच मंगळवेढ्याजवळ भीमातीरीं एक ब्रह्मपुरी आहे, चंद्रपूर जिल्ह्यांतहि एक आहे. (ब्रह्मदेवाशीं नातें जोडणारी व्युत्पत्ति सोडूनच द्यावी.) तेव्हां टेकडीचें नांव मागाहूनच्या वस्तीचें असावें. तें तळच्या विटांस चिकटविलें म्हणजे, जेथें समुद्रदेवतेची यवन मूर्ति येऊन पोंचली ती व्यापारी वस्ती एकदम अग्रहार ठरते! जुन्या घराण्यांच्या दप्तरांत चतुःसीमा सांगतांना हें नांव प्रथम कोणत्या शकांत येतें, तें संग्राहकांनीं पाहून कळवावें.