नातेवाईक नसलेल्या गाड्या

नाटकावर समीक्षा होते, कादंबरीवर होते, पुरणपोळीवर तर प्रत्येक पंगतीत होते. मोटारीवर मात्र मराठीत म्हणावी तशी समीक्षा नाही. मोटारींवर लिहिणारी मंडळी शून्यापासून शंभरापर्यंतचा वेग किती सेकंदांत येतो, एवढं सांगून मोकळी होतात. हे म्हणजे नाटकाबद्दल 'पडदा तीन सेकंदांत वर गेला' एवढंच लिहिण्यापैकी झालं. पडदा वर गेल्यावर पुढे काय झालं, नायक दुसऱ्या अंकापर्यंत टिकला का, प्रेक्षक घरी कसे पोचले, याबद्दल अवाक्षर नाही.

हे सुचायचं कारण माझा पुतण्या. तो पुण्यात असतो आणि मोटारींचा वेडा आहे. डोळे मिटून नुसत्या आवाजावरून इटलीची गाडी कोणती आणि जर्मनीची कोणती हे सांगतो. गेल्या दिवाळीत तो उमरीला आला होता. आमचं घर आणि माझ्या मामाचं घर यांच्यामध्ये एक बोळ आहे. मामाच्या परसात, चिंचेखाली, एक सांगाडा वर्षानुवर्षं उभा आहे. चाकं नाहीत, काचा नाहीत, आत कोंबड्यांची बाळंतपणं होतात. पुतण्या त्याच्याभोवती तीन प्रदक्षिणा घालून आला आणि म्हणाला, "काका, ही कोणती गाडी? ही मला ओळखू येईना!"

वाचकहो, त्या गाडीचं नाव मी तुम्हालाही सांगणार नाही. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, असं आमच्या आजीने शिकवलं आहे. आणि खरं सांगायचं तर उमरीत ते नाव कुणाला माहीतही नव्हतं. गावात तिला 'मुनीमजीची डबी' म्हणत. मामा कापसाच्या अडतीवर मुनीम होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लाखांचा हिशेब लिहून त्याने स्वतःचे काही हजार बाजूला टाकले आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हैदराबादहून ही जुनी गाडी आणली. ती तिथून उमरीपर्यंत स्वतःच्या पायांनी आली. तिच्या आयुष्यातला हाच सर्वोच्च पराक्रम.

नंतर तिची प्रकृती बिघडली, तेव्हा मामाने ती स्टेशन रस्त्यावरच्या मिस्त्रींकडे नेली. या मिस्त्रींना सगळं गाव चाचा म्हणे. चाचांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ आत पाहिलं, बिडी पेटवली आणि निकाल दिला, "भैय्या, गाडी अच्छी हाय. पन हिला नातेवाईकच नाहीत."

मोटार-समीक्षेतलं याहून मोठं वाक्य मी अजून वाचलेलं नाही. काव्यशास्त्रात रसाला जे स्थान, तेच मोटारशास्त्रात नातेवाइकांना. ॲम्बॅसिडर काय फार देखणी होती? १९५७ साली विलायतेच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून उतरवलेली ती प्रकृती २०१४ पर्यंत जवळजवळ त्याच बांध्यात चालली. पण तिचे नातेवाईक गावोगाव. भोकरला तिचा पंप मिळे, धर्माबादला तिचा पाटा, नांदेडला तर तिची अख्खी सासरमाहेरची मंडळी. फियाटचंही तेच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट पुढे 'पद्मिनी' झाली आणि तिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरायला २०२३ साल उजाडलं. त्याच कारखान्यात एकेकाळी डॉज, प्लिमथ आणि डिसोटो अशा तीन नावांच्या गाड्या जुळवल्या जात. तिन्ही आतून एकच! एकाच पेढ्याला तीन दुकानांचे तीन कागद. समीक्षक याला फसवणूक म्हणेल. चाचा म्हणाले असते, "चांगलं हाय की! तीन बहिनी. एकीचं दागिनं दुसरीला होतात."

आता हा निकष हाती घेऊन पुतण्याला माहीत नसलेल्या गाड्यांकडे वळू. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची हेरल्ड ही साठच्या दशकातली गाडी. तिचं पुढचं सगळं तोंड, मडगार्डांसकट, मगरीच्या जबड्यासारखं उघडायचं. मिस्त्रीला इंजिनाशेजारी पाट टाकून बसता यावं अशी सोय. लहानशा बोळातही ती सहज वळायची. पण मागे दोन्ही चाकांमध्ये आडवी एकच स्प्रिंग. भारतीय कुटुंब, म्हणजे आजी, पितळी डबा आणि गव्हाचं पोतं, मागे बसलं की तिची मागची चाकं पाय फाकून उभ्या राहिलेल्या पहिलवानासारखी दिसायची. १९७२ साली कंपनीने चूक सुधारली, मागे सरळ कणा बसवला आणि गाडीला 'गॅझेल' म्हणजे हरिण असं नाव दिलं. दुसरी आवृत्ती पहिलीपेक्षा चांगली निघाली, असं साहित्यातही क्वचितच घडतं. पण हे हरिण पाच वर्षांत, १९७७ मध्ये, जंगलात शिरलं ते पुन्हा दिसलं नाही. आज ते ओळखणारा मोटारप्रेमी शोधून काढावा लागतो.

त्यानंतर पुढची सात-आठ वर्षं कंपनीने मोटार केली नाही, आणि १९८५ साली एकदम 'स्टँडर्ड २०००' आणली. हिचं बाह्यांग विलायतेतल्या रोव्हरचं. मूळ गाडी युरोपात १९७७ ची सर्वोत्कृष्ट मोटार ठरलेली. पण आत इंजिन बसवलं ते व्हॅनगार्ड नावाच्या, चाळिशीच्या दशकात जन्मलेल्या गाडीच्या घराण्यातलं. शेरवानी नवरदेवाची आणि गुडघे आजोबांचे! तीन-चार वर्षांत कारभार आटोपला. इथे मात्र समीक्षकाने हातचं राखू नये. हेरल्डमध्ये चूक होती, पण प्रामाणिक होती. इथे आशय एक आणि मुखपृष्ठ दुसरंच. असं पुस्तक वाचक पन्नासाव्या पानावर मिटून ठेवतो.

बंगळूरची सिपानी डॉल्फिन १९८२ ची. इंग्लंडच्या रिलायंट किटनवरून केलेली, दोन दारांची, फायबरच्या अंगाची. फायबर गंजत नाही, हलकंही असतं. कागदावर सगळं उत्तम. पण गाडी ठोकली गेली की पत्रा हातोडीने सरळ करणारा कारागीर प्रत्येक तालुक्याला असतो. फायबरची जखम कापड आणि रसायन लावून भरणारा वैद्य आमच्या भागात कुठून यायचा? त्यात मागे बसायचं तर पुढच्याने आधी उतरायचं. आमच्याकडे सासूबाई उतरतात आणि मग सून चढते, हे चालत नाही. आणि पुढच्याच वर्षी, १९८३ च्या डिसेंबरात, चार दारांची मारुती आली. ती येतानाच नातेवाइकांची यादी घेऊन आली होती.

इथपर्यंत चाचांचा निकष झकास चालतो. पण समीक्षकाची कसोटी लागते ती 'मीरा'पाशी.

मीरा ही इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांची छोटी गाडी. शाळा फार न शिकलेल्या या माणसाने १९४९ च्या सुमारास पहिली मीरा रस्त्यावर आणली आणि पुढची पंचवीस-एक वर्षं तो तिच्यात सुधारणा करत राहिला. शेवटचं रूप १९७५ चं. इंजिन मागे, म्हणजे पुढून मागे शक्ती नेणारा लांब दांडा वाचला. पाट्यांऐवजी रबराची दणकेझेल, म्हणजे ग्रीस नको आणि पाटा तुटायचं भय नको. किंमत बारा हजारांच्या आसपास ठेवायचा मनोदय. ज्या काळात मोटार तयार करायला आधी सरकारी परवाना लागे आणि विकत घ्यायला वर्षानुवर्षं यादीत उभं राहावं लागे, त्या काळात हे चाललं होतं. परवाना मिळाला नाही. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मीरा झाल्या आणि विषय संपला.

मीराबद्दल आपण मराठी माणसं दोन प्रकारे बोलतो. एक तर अजिबात बोलत नाही, नाहीतर डोळ्यांत पाणी आणून बोलतो. 'आपला माणूस असता तर जगाच्या पुढे गेला असता' वगैरे. हे दोन्ही समीक्षेत बसत नाही. मीरा उत्तम गाडी होती की नव्हती, हे मी सांगू शकत नाही. ती उमरी-भोकर रस्त्यावर पन्नास हजार किलोमीटर चालली असती, पावसाळ्यात चिखलात रुतली असती, चाचांनी तिच्या पोटाखाली पडून दोन शिव्या हासडल्या असत्या, तर निकाल लागला असता. मीराचा तर पडदाच वर जाऊ दिला नाही. न झालेल्या प्रयोगाला चांगलं म्हणणं हा भाबडेपणा, आणि वाईट म्हणणं हा अन्याय. इतर गाड्यांना नातेवाईक मिळाले नाहीत, हिला जन्मदाखलाच मिळाला नाही. तो फरक लक्षात ठेवला तरी शंकररावांचं अर्धं ऋण फिटेल.

'पण मागे मोठं घराणं असतं तर?' असं कुणी विचारील. त्याचंही उत्तर मिळून गेलं आहे. २००८ साली टाटांनी नॅनो दाखवली. इंजिन मागे, अंगाने छोटी, आणि नातेवाईक तर टाटांसारखे. तरीही २०१८ मध्ये तिचा खेळ संपला. कारणं पुष्कळ असतील, पण एक कारण उमरीत कुणालाही कळतं. तिच्या कपाळावर 'सर्वांत स्वस्त' असं लिहिलेलं होतं. माणूस मोटार घेतो तेव्हा तो काही फक्त चार चाकं घेत नाही. आपण आता पायी चालणाऱ्यांतले राहिलो नाही, हे त्याला गावाला सांगायचं असतं. त्याच वेळी गावाने 'स्वस्तातली घेतली वाटतं' म्हटलं, की चारही चाकांची हवा जाते.

हे मला फार उशिरा कळलं. कारण मामाच्या गाडीला 'डबी' म्हणणाऱ्यांत पहिला आवाज माझा होता.

मामाने लग्नात मामीला शब्द दिला होता, की तुला माहूरच्या रेणुकेला स्वतःच्या गाडीने नेईन. उमरीहून माहूर शंभरावर किलोमीटर. गाडी आल्यावर एका मंगळवारी पहाटे दोघं निघाली. मामीने नवं लुगडं नेसलं होतं, मामाने टोपीला इस्त्री केली होती. भोकरला गाडी थांबली ती थांबलीच. तिथे तिचं कुणीच नव्हतं. मामाने गाडी एका आडत्याच्या आवारात ढकलली आणि दोघं एसटीने उभ्याने माहूरला जाऊन आली. पुढे ती बैलं लावून उमरीला आणली. मी त्या वेळी कॉलेजात होतो. गाडी बैलांमागून गावात शिरली तो प्रसंग मी नकलेसकट प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला करून दाखवत असे. लोक पोट धरून हसत. मामाही हसे. फक्त नंतर तो पाणी प्यायला म्हणून आत जाई आणि लवकर बाहेर येत नसे. हे माझ्या ध्यानात आलं तोवर मामा राहिला नव्हता.

या दिवाळीत पुतण्याने विचारलं तेव्हा सवयीने मी नक्कल सुरू केली. बैलांपर्यंत आलो होतो. मामी ओसरीवर बसली होती. ज्या बैठकीवर ती बसते ती त्याच गाडीची मागची सीट, खाली विटा लावलेल्या. पुतण्या खदाखदा हसला आणि म्हणाला, "आजी, मग गाडी अगदीच फेल गेली म्हणायची!"

मामीने वाती वळता वळता मान वर केली.

"फेल कशाची रे? भोकरपस्तोर खिडकी माझी व्हती. यष्टीत कव्हा भेटती का?"

मी बैल तिथेच सोडले. नक्कल पुन्हा केलेली नाही.